सावकाश वाढणारे जीव

टाकीची नाडी मंद झाली होती. पडद्यावरचा आकडा पाहून ऋजुता धुरीला आधी यंत्राचीच शंका आली, म्हणून ती जाळी घेऊन बाहेर गेली आणि टाकीवर वाकली. पाणी नेहमीसारखंच तपकिरी होतं, बुडबुडेही येत होते. पण जाळीत आलेले दाणे तिने बोटांत धरले तर ते फुटले. निरोगी दाणा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा असतो, दाबला तरी आकार सोडत नाही. हे दाणे पाण्यात राहिलेल्या पोह्यांसारखे झाले होते.

तिने तिथल्या तिथे नदीकडे जाणारं गेट बंद केलं.

माडवली हे कारवी नदीच्या काठचं लहानसं गाव. तिथून नदी डोंगर उतरते आणि खारवाडीच्या खाडीला मिळते. पूर्वी माडवलीच्या मोऱ्या, शौचालयं, हॉटेलांची धुणी, सगळं थेट नदीत जायचं आणि त्याचे भोग खारवाडीला भोगावे लागायचे. खाडीतली कालवं संपली, तिसऱ्यांची शिंपली खाऊन माणसं आजारी पडली, बायकांनी खाडीत उतरणं सोडलं. मोठ्या शहरांसारखा सांडपाणी प्रकल्प उभारायला माडवलीकडे ना जागा होती ना वीज. दाण्यांमुळे ते शक्य झालं.

दाणा म्हणजे अगणित जीवाणूंनी एकमेकांना चिकटून केलेली वस्ती. बाहेरच्या थराला प्राणवायू मिळतो. तिथले जीवाणू सांडपाण्यातल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करतात. आतल्या थरापर्यंत प्राणवायू पोचत नाही, म्हणून तिथले जीवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेला नायट्रोजन निरुपद्रवी वायू होऊन हवेत निघून जातो. ज्या कामाला पूर्वी चार तलाव लागत ते आता एका टाकीत होत होतं. अलीकडच्या दाण्यांत आणखी एक जात मिसळलेली होती. ती अन्न पचवताना सुटणारे इलेक्ट्रॉन टाकीत सोडलेल्या कोळशाच्या कांड्यांना देई, आणि त्यातून बारीकसा वीजप्रवाह वाहत राही. दाणे धडधाकट असले की प्रवाह जोरात, आजारी पडले की मंद. ऋजुता त्यालाच टाकीची नाडी म्हणायची.

दुपारपर्यंत नाडी आणखी उतरली. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. गेट बंद असल्याने पाणी मागच्या साठवण तळ्यात जाऊ लागलं, पण तळं काही अथांग नव्हतं.

डॉक्टर लुइझा फर्नांडिस संध्याकाळी दवाखाना आटोपून आल्या. त्यांना बोलावण्यामागे कारण होतं. गावातल्या प्रत्येक गल्लीच्या चेंबरमध्ये संवेदक बसवलेले होते आणि कुठला रेणू कुठून आला हे ते ओळखू शकत. म्हणजे कोणाला मधुमेहाची गोळी चालू आहे, कोणाच्या घरी दिवस गेले आहेत, हेही त्यांना कळलं असतं. ग्रामसभेत यावर मोठी वादावादी झाली होती आणि शेवटी ठरलं होतं, की संवेदक कुलूपबंद राहतील. टाकीच धोक्यात आली तरच उघडायचे, तेही दोघींनी मिळून. एक किल्ली ऋजुताकडे, दुसरी डॉक्टरांकडे.

"आधी दाण्यांत काय साठलंय ते बघू या," डॉक्टर म्हणाल्या. "गल्ल्या नंतर."

ऋजुताने दाण्यांचा चिकट रस यंत्रात घातला. उत्तर आलं तसं डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.

"निरोसिन," ऋजुताने वाचलं. "हे कशाचं औषध?"

"क्षयाचं. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचं. आठवड्याला एकच गोळी. पूर्वी अशा रोग्यांना मूठभर गोळ्या गिळाव्या लागायच्या, कान जायचे, डोळे जायचे. हे औषध शरीरात मोडत नाही, म्हणून एक गोळी आठवडाभर पुरते."

"शरीरात मोडत नाही, म्हणजे लघवीतून तसंच बाहेर येतं."

"हो."

"पण एखाद्या माणसाच्या औषधाने एवढी टाकी बिघडते?"

"क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. म्हणून हे औषधही सावकाश वाढणाऱ्यांनाच हेरून मारतं. घाईत वाढणाऱ्या जंतूंना त्याचं काही नाही."

ऋजुताला उलगडा झाला. अमोनिया खाणारे तिचे जीवाणूही सगळ्यात सावकाश वाढणारे. गोळीने रोगी बरा होत होता आणि थेंबाथेंबाने आलेलं तेच औषध दाण्यांच्या चिकट रसात महिनोन्‌महिने साठत गेलं होतं.

"तुम्हांला रोगी माहीत असणार," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा परत लावला. "मी त्या व्यक्तीला उद्यापासून लघवीसाठी वेगळ्या भांड्याची सोय करून देते. तेवढं माझ्या हातात आहे. नाव मी सांगणार नाही, आणि तू शोधावंस असंही मला वाटत नाही."

"येणं थांबलं तरी टाकीतलं औषध जाणार नाही. नवे दाणे मागवले तर तेही मरतील." ऋजुता कठड्याला टेकली. "डॉक्टर, ज्या नळातून हे औषध इतके दिवस वाहतंय, त्या नळाच्या आतल्या बुळबुळीतसुद्धा जीवाणू असतात. औषधाचा पहिला मारा त्यांच्यावर झाला. तरी त्यातले जे जगले असतील, ते कसे जगले? एकतर त्यांनी कातडी जाड केली असेल, नाहीतर ते औषधच खायला शिकले असतील."

"खायला शिकले असतील तर?"

"तर मला ते टाकीत हवेत. पण त्यासाठी गल्ली कळायला हवी."

डॉक्टरांनी पिशवीतून किल्ली काढली. "फक्त या एका औषधासाठी. दुसरं काही उघडायचं नाही."

नकाशावर एकच ठिपका पेटला. गवंडे गल्ली, शेवटचं चेंबर. त्या चेंबरला एकच घर जोडलेलं होतं.

ते केतकीचं घर होतं. पुढच्या पडवीत तिची खाणावळ होती.

*

केतकी गवंडे आणि ऋजुता बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. ऋजुताचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले सहा-आठ महिने घराबाहेर. प्रकल्पाचं काम वेळी-अवेळी. म्हणून ऋजुताची मुलगी ईरा शाळा सुटली की केतकीकडे जेवायची, तिथेच अभ्यास करायची. गेल्या वर्षी केतकी खूप वाळली होती. विचारलं तेव्हा म्हणाली होती, चुलीपुढे उभं राहून माणूस काय लठ्ठ होणार का. मग मध्येच काही आठवडे तिने खाणावळ बंद ठेवली होती. मावशीकडे जाते म्हणाली होती.

त्या रात्री ऋजुताने ईराचा डबा स्वतः भरून ठेवला.

"केतकीमावशीकडे नको जाऊस उद्या. घरी ये."

"का?"

"तिला काम आहे."

डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पाठ होतं. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच असा रोगी दुसऱ्याला लागण करत नाही, आणि ती खात्री झाल्याशिवाय त्या कोणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. ऋजुता रसायनशास्त्र शिकलेली होती. तरीही तिने डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं.

तिसऱ्या दिवशी खारवाडीहून सुगंधाकाकी कुबल आल्या. खाडीत कालवांची शेती करणाऱ्या बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. पाणी सुधारल्यावर खाडीत दोऱ्या टाकून कालवं वाढवायला त्यांनीच सुरुवात केली होती, आणि आता चाळीसेक घरं त्यावर चालत होती. त्या सरळ टाकीपाशी आल्या.

"काय गो बाय, गेट कित्याक बंद केलंस?"

ऋजुताने खोटं सांगितलं नाही. दाणे आजारी आहेत, एक औषध टाकीत साठलंय, अमोनिया जात नाही, म्हणून पाणी अडवलंय, एवढं सांगितलं.

"खयच्या घरातला औषध?"

"ते मी सांगू शकत नाही, काकी."

सुगंधाकाकींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "बरा. नको सांगू. आमची कालवां आत्ताशी नखाएवढी झाली हत. ह्या वयात तेंका वाईट पाणी सोसणा नाय. तुझा तळा भरला काय तू गेट उघडतलंस. मगे?"

"भरायच्या आत टाकी बरी करीन."

"आणि नाय झाली तर?"

"तर आधी तुम्हांला फोन करीन, आणि मग गेटला हात लावीन."

काकींनी मान हलवली. समाधान झालं नव्हतं, पण शब्द मिळाला होता. परत जाताना त्या तळ्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि पाणी कुठवर आलंय ते पाहून गेल्या.

ऋजुताने हातमोजे, खरवडणी आणि बरण्या पिशवीत घातल्या आणि गवंडे गल्लीत गेली. जेवणाची वेळ टळून गेलेली होती. केतकी पडवीत एकटीच तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ईरा दोन दिवस आली नाही," ती म्हणाली.

ऋजुता पायरीवर बसली.

"डॉक्टरांनी मला वेगळं भांडं आणून दिलं," केतकीच पुढे बोलू लागली. "प्लांटला त्रास होतोय म्हणाल्या. तेव्हाच कळलं, तुला कळणार. मग ईरा यायची थांबली, तेव्हा कळलं, तुला कळलं."

"डॉक्टरांनी नाव नाही सांगितलं."

"माहीत आहे. त्या नाही सांगायच्या."

"केतकी, वर्ष होत आलं. मला सांगितलं नाहीस. मी तुला दवाखान्यात नेलं असतं, खाणावळीत उभी राहिले असते."

केतकीने सूप खाली ठेवलं. "सगळं समजणारी तू एकटीच आहेस या गावात. औषध काय, लागण कधी होते, कधी नाही, सगळं. आणि तुला कळल्यावर पहिली गोष्ट काय केलीस? मुलीला पाठवणं बंद केलंस. मग ज्यांना काही समजत नाही ते काय करतील, सांग. म्हणून नाही सांगितलं."

गल्लीतून एक सायकल गेली. केतकीने पुन्हा सूप उचललं आणि खडे वेचू लागली.

"मी चुकले," ऋजुता म्हणाली. "घाबरले. डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं."

"मीसुद्धा घाबरायचे. पहिले काही दिवस स्वतःच्या ताटाला हात लावायला घाबरायचे." थोड्या वेळाने केतकीने विचारलं, "पिशवीत काय आणलंयस?"

ऋजुताने सगळं समजावून सांगितलं. औषध खाणारे जीवाणू खरंच आहेत का ते बाटल्यांत तपासून बघायला हवं, आणि त्यासाठी आधी नळातली बुळबुळ हवी. केतकी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"म्हणजे माझ्या औषधाने तुझे किडे मेले, आणि त्यांना वाचवणारे किडेही माझ्याच मोरीत असतील?"

"असतील. नक्की नाही. आणि किडे नाहीत ते."

"मग रस्त्यावरचं चेंबर कशाला उघडतेस? सगळी गल्ली बघायला जमेल. मागच्या अंगणात झाकण आहे, घरातलं सगळं आधी तिथूनच जातं. चल."

परसात केळीच्या बुंध्याशी ते झाकण होतं. दोघींनी मिळून ते पहारीने उचकटलं. आत हात घालून ऋजुताने नळाची भिंत खरवडली. करड्या, शेवाळासारख्या बुळबुळीचा वास अंगणभर पसरला. केतकीने पदर नाकाला लावला आणि बरणी पुढे धरली.

"रोज याच्यात काम करतेस तू?"

"याच्याहून बऱ्या वासात."

केतकीला हसू आलं. खूप दिवसांनी आल्यासारखं ते आधी अडखळलं आणि मग नीट आलं.

*

प्रयोग साधा होता. काही बाटल्यांत निरोसिन घातलेलं पाणी घेतलं. काहींत परसातली बुळबुळ मिसळली, काहींत गल्लीतल्याच दुसऱ्या नळाची, काही तशाच ठेवल्या. रोज थोडं पाणी काढून औषध किती उरलं ते मोजायचं.

दुसऱ्या नळाच्या बाटल्यांत औषध जेवढ्यास तेवढं राहिलं. परसातल्या बाटल्यांत ते उतरू लागलं. आधी इतकं कमी, की ऋजुताला मोजमापात चूक वाटली. मग स्पष्ट. डॉक्टर फर्नांडिस रोज दवाखान्यात जाण्यापूर्वी आकडा बघायला येऊ लागल्या. ज्या दिवशी एका बाटलीत औषधाचा मागमूस उरला नाही, त्या दिवशी त्यांनी दवाखाना उशिरा उघडला.

औषधाच्या रेणूत एक कडी होती, जिच्यामुळे ते शरीरात टिकून राही. परसातल्या एका जीवाणूने ती कडी तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार केलं होतं. कोणी त्याला शिकवलं नव्हतं. औषध रोज येत होतं, आणि ज्याला ते मोडता आलं तोच टिकला.

पण एका बरणीभर जीवाणूंनी टाकी भरत नाही. त्यांना वाढवायला, दाण्यांत रुजायला वेळ हवा होता, आणि तळं काठाला येत चाललं होतं. सरपंचांचे फोन येऊ लागले. ऋजुताने ग्रामसभेत उभं राहून सरळ सांगितलं, की टाकीला एका औषधाची बाधा झाली आहे, ते कोणाच्या घरचं हे सांगणार नाही, आणि गावाने काही दिवस पाणी कमी वापरलं तर खारवाडीची कालवं वाचतील.

"औषध कोणाचं ते कळलंच पाहिजे," मागून कोणीतरी म्हणालं.

"कशाला?" केतकी उठून म्हणाली. ती बायकांच्या रांगेत बसली होती. "उद्या तुमच्या घरच्या औषधाने टाकी बिघडली, तर तुमचं नाव फळ्यावर लिहायचं का? मी खाणावळीत उद्यापासून पत्रावळी वापरते. भांडी घासायचं पाणी वाचेल. तुम्ही काय करता ते बोला."

लोक बोलू लागले. कोणी गाड्या धुणं थांबवलं, शाळेने टाक्यांच्या तोट्या दुरुस्त केल्या, लॉजवाल्यांनी चादरी एक दिवसाआड धुवायचं कबूल केलं. तळ्याचं पाणी चढायचं थांबलं नाही, पण रेंगाळू लागलं.

परसातले जीवाणू टाकीत सोडले आणि ऋजुता वाट बघत राहिली. साठलेलं औषध कमी होत गेलं. नाडी मात्र तळाशीच होती. औषध गेलं तरी सावकाश वाढणारे सावकाशच वाढणार, त्यांना घाई करता येत नाही. या दिवसांत ईरा पुन्हा खाणावळीत जेवू लागली. पहिल्या दिवशी ऋजुता स्वतः तिला घेऊन गेली आणि तिच्या शेजारी पत्रावळीवर बसली. केतकीने दोघींना वाढलं. ईराने दोनदा भात मागून घेतला.

मग एका सकाळी आकडा वर सरकला. दुसऱ्या सकाळी आणखी वर. ऋजुताने जाळीने दाणा काढून बोटांत दाबला. तो फुटला नाही.

तिने गेट उघडलं नाही. आधी खारवाडीला फोन लावला.

सुगंधाकाकी एका बादलीत खाडीचं पाणी आणि दोरीचा एक तुकडा घेऊन आल्या. दोरीवर नखाएवढी कालवं चिकटलेली होती. ऋजुताच्याच सांगण्यावरून त्यांनी प्रकल्पातून बाहेर आलेलं पाणी त्या बादलीत निम्मं मिसळलं आणि सावलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघी बादलीवर वाकल्या. कालवांची शिंपलं बारीकशी उघडी होती. काकींनी बोट पुढे केलं, तशी ती मिटली.

"जिती हत," काकी म्हणाल्या. "सोड पाणी."

गेट वर गेलं आणि स्वच्छ पाणी दगडांवरून कारवीत उतरलं. काकी काठावर चप्पल काढून पाण्यात पाय सोडून बसल्या, आणि ऋजुतालाही बसवून घेतलं.

*

केतकीचा औषधाचा काळ संपला. डॉक्टरांनी शेवटची तपासणी करून तिला मोकळं केलं. कालवं वाढून बाजारात गेली. निरोसिनचा वापर गावोगाव वाढत होता, आणि दुसऱ्या लहान प्रकल्पांच्या टाक्याही मंद पडू लागल्या होत्या. माडवलीचे दाणे मागायला माणसं डबे घेऊन येऊ लागली. ऋजुता कोणाला नाही म्हणत नसे.

एक दिवस ती खाणावळीत जेवत असताना पुण्याच्या जंतुसंग्रहातून फोन आला. नव्या जीवाणूची नोंद करायची होती. पडवी गिऱ्हाइकांनी भरलेली होती. ऋजुताने एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने फोन धरला.

"मूळ स्रोत काय लिहायचा?" पलीकडून विचारलं.

"माडवली गावातलं एक चेंबर," ऋजुता म्हणाली.

"सार्वजनिक?"

ती उत्तर देण्याआधी केतकीने पिठाचे हात कमरेच्या फडक्याला पुसले, पंक्तीतून पुढे आली आणि फोन तिच्या हातातून घेतला.

"सार्वजनिक नाही," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, पडवीभर ऐकू जाईल अशा. "माझ्या घरची मोरी आहे. केतकी गवंडे, गवंडे गल्ली, माडवली. मला क्षय झाला होता, त्याच्या औषधामुळे ते तयार झाले. आता मी बरी आहे. नाव द्यायचं असलं तर गवंड्यांचं द्या."

तिने फोन ऋजुताला परत दिला. पंक्तीत हात थांबले होते. पोस्टातून निवृत्त झालेले परबकाका रोज कोपऱ्यात जेवायला बसत. त्यांनी समोरच्या वाटीकडे पाहिलं, मग केतकीकडे.

"केतकी," ते म्हणाले, "आमटी आहे का अजून?"

"आहे," ती म्हणाली, आणि वाढायला गेली.